आतड्यात ब्युटिरेट तयार व्हावं म्हणून: ताटात काय, किती आणि कसं

मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. थराच्या अलीकडे लाखो कोटी जीवाणू, पलीकडे रक्तवाहिन्या. एका पेशीएवढी ही भिंत दर चार-पाच दिवसांनी नव्याने उभी राहते. तिच्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ६० ते ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेट या चार कार्बनच्या छोट्या मेदाम्लातून येते. ते बनवतात तिथलेच जीवाणू, आणि कच्चा माल असतो आपल्याला न पचलेला चोथा. जेवणात चोथा कमी पडला की भिंतीचं इंधन कमी पडतं.

चोथा म्हणजे पाकिटावर ‘डाएटरी फायबर’ लिहिलेलं असतं ते, अधिक लहान आतड्यातून न पचता पुढे सरकलेला स्टार्च. मोठ्या आतड्यात जीवाणू त्याचं किण्वन करतात, म्हणजे ते आंबवतात, आणि त्यातून मुख्यतः तीन मेदाम्लं निघतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट, साधारण ६०:२०:२० या प्रमाणात. ॲसिटेट रक्तातून शरीरभर फिरतं, प्रोपिओनेट बहुतेक यकृतात संपतं आणि ब्युटिरेटचा मोठा वाटा आतड्याची भिंत जागच्या जागीच वापरून टाकते.

एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. किण्वन होऊ शकेल असा १० ग्रॅम चोथा खाली पोचला, तर त्यातून दीड ते दोन ग्रॅम ब्युटिरेट तयार होतं. हा आकडा तुपाशेजारी ठेवून पाहा. तुपात ब्युटिरिक आम्ल असतं हे खरं, पण ३ ते ४ टक्केच. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम तुपात ते फार तर ०.२ ग्रॅम भरेल, आणि तेही लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. वरणभातावर तूप जरूर घ्या, पण ते चोथ्याच्या हिशेबात धरू नका.

भिंत घट्ट राहते ती कशी

शेजारशेजारच्या पेशी क्लॉडिन आणि ऑक्लुडिन या प्रथिनांच्या शिवणीने जोडलेल्या असतात. शिवण सैल झाली की जीवाणूंच्या कवचाचे तुकडे आत झिरपतात. त्यातला लायपोपॉलिसॅकराइड हा तुकडा शरीराची दाहयंत्रणा सगळ्यात जोरात जागी करतो. ब्युटिरेट ही शिवण पक्की करतं, भिंतीवरच्या श्लेष्म्याच्या, म्हणजे बुळबुळीत चिकट थराला लागणारं प्रथिन वाढवतं आणि दाह आवरणाऱ्या पेशींची संख्या वाढवतं.

यातलं एक काम फारसं सांगितलं जात नाही. ब्युटिरेट जाळायला प्राणवायू लागतो. भिंतीच्या पेशी तो वापरून टाकतात, म्हणून आतड्याची पोकळी प्राणवायूविना राहते, आणि ब्युटिरेट बनवणाऱ्या जीवाणूंना नेमकी तशीच जागा लागते. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ही घडी विस्कटते. ब्युटिरेट घटतं, पेशी साखर जाळू लागतात, प्राणवायू पोकळीत उरतो आणि त्यावर साल्मोनेलासारखे उपद्रवी जीवाणू माजतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हा क्रम स्पष्ट दिसला आहे.

चोथा फारच कमी असेल तर जीवाणू श्लेष्म्याचा थरच खाऊ लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासात चोथा काढून टाकल्यावर हा थर पातळ झाला आणि आतड्याला संसर्ग करणाऱ्या जीवाणूला वाट मोकळी झाली.

माणसांत बदल किती लवकर दिसतो? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली होती. पहिल्या गटाचा चोथा रोजच्या १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला, दुसऱ्याचा ६६ वरून १२ वर आणला. पहिल्या गटात ब्युटिरेट सुमारे अडीचपट वाढलं आणि आतड्याच्या अस्तरातला दाह उतरला. दुसऱ्या गटात दोन्ही गोष्टी उलट झाल्या. सगळं पंधरा दिवसांत. फायदा लवकर होतो, तसा तो लवकर जातोही. म्हणून चार दिवसांच्या ‘डिटॉक्स’ला अर्थ नाही. रोजचं ताट बदलावं लागतं.

मेंदूपर्यंत काय पोचतं

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशींनाही अशीच शिवण असते, तिला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत हा अडथळा गळका असतो, ऑक्लुडिन आणि क्लॉडिन-५ कमी असतात. त्यांना ब्युटिरेट बनवणारा एकच जीवाणू किंवा नुसतं सोडियम ब्युटिरेट दिलं तरी गळती कमी झाली. २०१५ मध्ये असंही दिसलं की निर्जंतुक उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी अर्धवट घडलेल्या राहतात आणि पाण्यातून ही मेदाम्लं दिल्यावर त्या सुधारतात. मानवी मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या २०१८ च्या कामात प्रोपिओनेटने या पेशींना लायपोपॉलिसॅकराइडच्या माऱ्यापासून वाचवलं.

माणसांवरचं एक नेटकं काम बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचं, २०२० सालचं. ६६ निरोगी पुरुषांना आठवडाभर मोठ्या आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूलमधून ही मेदाम्लं किंवा खोटं औषध दिलं. खरी मेदाम्लं घेतलेल्यांत तणावाच्या चाचणीवेळी कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक कमी वाढलं.

वजन नीट तोलून घ्या. आतड्याच्या भिंतीबद्दलचा पुरावा माणसांतही आहे, मेंदूच्या अडथळ्याबद्दलचा मुख्यतः उंदीर आणि पेशींमधला आहे. चोथा वाढवायला आतड्याचं कारण पुरेसं आहे. नैराश्य, विस्मरण किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या गोळ्या या माहितीच्या भरवशावर बंद करू नका.

आधी मोजा

बदल करण्याआधी तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढा, त्यात एक दिवस सुट्टीचा असू द्या. भारतीयांसाठीची शिफारस २००० कॅलरीमागे ३० ग्रॅम चोथ्याची आहे. १०० ग्रॅम कच्च्या जिनसात सुमारे किती, ते असं: ज्वारी १०, बाजरी आणि नाचणी ११, गव्हाचं न चाळलेलं पीठ ११, तांदूळ जेमतेम ३, तूरडाळ ९, चणाडाळ १५, अख्खे मूग १७, हरभरे २५, शेंगदाणे १०, गवार ५, शेवग्याच्या शेंगा ७, पेरू साडेआठ. साबुदाण्यात चोथा नावालाच.

एका दिवसाचं उदाहरण घ्या. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकऱ्या म्हणजे १० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांची उसळ साडेसात. ३० ग्रॅम तुरीचं वरण पावणेतीन. १०० ग्रॅम गवारीची भाजी पाच. मध्यम पेरू साडेआठ. मुठीएवढा भात सव्वा ते दीड. बेरीज ३५ च्या घरात जाते, आणि यात एकही विकतची पावडर नाही. याउलट पाव, बिस्किटं, साबुदाणा आणि पांढरा भात असलेल्या दिवशी हाच आकडा १५ पर्यंतही पोचत नाही.

पीठ चाळताना कोंडा फेकला जातो, आणि चोथा तिथेच असतो. चाळायचंच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी वापरा, म्हणजे काडीकचरा निघेल आणि कोंडा राहील.

आठवड्याला पाच ग्रॅम

तीन दिवसांची सरासरी १५ आली आणि ३० गाठायचे आहेत, तर तीन आठवडे तरी घ्या. दर आठवड्याला पाचच ग्रॅम वाढवा. बहुतेक लोक इथेच चुकतात. सोमवारी वाडगाभर राजमा, मंगळवारी पोट ढोलासारखं, बुधवारी ‘मला कडधान्य मानवत नाही’. जीवाणूंची संख्या आणि त्यांची पाचकद्रव्यं नव्या खाद्यानुसार वाढायला वेळ लागतो, तोवर वायू अडकून राहतो. पहिल्या आठवड्यात फक्त एक चपाती बदलून भाकरी आणि रोज अर्धी वाटी उसळ, एवढंच करा. दुसऱ्या आठवड्यात एक फळ सालीसकट. तिसऱ्यात भाजीचं प्रमाण दुप्पट. पाणी त्याच्याबरोबर वाढवा, नाहीतर कोंडा आतड्यात कोरडा अडकतो आणि बद्धकोष्ठता वाढते.

कडधान्यं

वायूला कारण होणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा आपल्याला पचत नाहीत, पण जीवाणूंना त्या आवडतात. त्या पाण्यात विरघळतात. म्हणून पहिला महिनाभर कडधान्य ८ ते १० तास भिजवा, पाणी ओतून द्या, मोड आणा आणि नव्या पाण्यात शिजवा. मोड आले की या साखरा आणखी घटतात, म्हणून सुरुवात मोडाच्या मटकीने किंवा मुगाने करा. पोट सरावलं की बिनमोडाचे हरभरे, चवळी, वाल यांच्याकडे या. तेव्हा त्याच साखरा जास्तीचा खाऊ ठरतात.

राजमा मात्र कधीही अर्धकच्चा खाऊ नका. त्यातल्या लेक्टिन या प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात. भिजवून, पाणी टाकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळा किंवा कुकरमध्ये पूर्ण मऊ होऊ द्या. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये थेट घातलेला राजमा मऊ दिसला तरी विषारी राहू शकतो.

शिळा भात, जपून

भात थंड होताना त्यातल्या स्टार्चचे काही धागे पुन्हा घट्ट विणले जातात आणि आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत. हाच रेझिस्टंट स्टार्च. २०१५ च्या एका मोजमापात ताज्या पांढऱ्या भातात तो १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होता. २४ तास ४ अंश सेल्सियसला ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम भरला. वाढ अडीचपट दिसते खरी, पण हातात पडतो एक ग्रॅम. वाटीभर उसळीची बरोबरी तो करू शकत नाही. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करायचाच असेल तर ही बारीकशी भर.

पण रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला भात यासाठी वापरू नका. तांदळातल्या बॅसिलस सीरियस जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं उलट्या करणारं विष फोडणीच्या कढईत नष्ट होत नाही. म्हणून भात शिजला की पसरट ताटात पातळ पसरा, वाफ गेली की झाकण लावून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, १२ ते २४ तासांत वापरा, एकदाच चांगली वाफ येईपर्यंत गरम करा आणि उरलेला टाकून द्या. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट उन्हाळ्यात तासाचाही अर्धा तास करा.

कच्च्या केळ्यात हा स्टार्च मुळातच भरपूर असतो. शिजवल्यावर बराच कमी होतो, थंड केल्यावर थोडा परत येतो. कच्च्या केळ्याचं पीठ चमचाभर ताकात न शिजवता ढवळलं तर तो जसाच्या तसा खाली पोचतो. सुरुवात एका चमच्याने करा.

एकाच पदार्थावर भिस्त ठेवू नका. रेझिस्टंट स्टार्च फोडायला रुमिनोकॉकस ब्रोमाय हा जीवाणू मुख्य लागतो. तो ज्यांच्या आतड्यात नाही किंवा फार कमी आहे त्यांनी कितीही थंड भात खाल्ला तरी ब्युटिरेट फारसं वाढत नाही. कुणाचं आतडं कांद्यातल्या इन्युलिन या चोथ्यावर चांगलं चालतं, कुणाचं जवातल्या बीटा-ग्लुकन या चोथ्यावर.

मिश्रणाला आणखी एक कारण आहे. कांदा-लसणातलं इन्युलिन आणि कडधान्यांच्या साखरा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच संपतात. शेवटच्या भागात कर्बोदकं उरली नाहीत की जीवाणू प्रथिनांकडे वळतात आणि अमोनिया, पॅरा-क्रेसॉल अशी त्रासदायक द्रव्यं बनवतात. कोंड्यासारखा हळू झिजणारा चोथा बरोबर असला की किण्वन लांबपर्यंत चालतं. भाकरी, उसळ आणि कच्चा कांदा एकाच ताटात घेण्याचा फायदा हा आहे. तिन्हींचा वेग वेगळा.

इसबगोल, ताक आणि उपास

इसबगोल पोट साफ करायला उत्तम, कारण तो जेली धरून तशीच शेवटपर्यंत टिकवतो. नेमक्या त्याच कारणाने जीवाणू त्याला फारसे फोडत नाहीत, म्हणून ब्युटिरेटसाठी त्याच्यावर विसंबू नका. घेतलाच तर मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या. कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो. थायरॉइडची किंवा इतर औषधं आणि इसबगोल यांत काही तासांचं अंतर ठेवा.

दही-ताकातले जीवाणू लॅक्टेट बनवतात, ते काही इतर जीवाणू ब्युटिरेटमध्ये बदलतात. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात आंबवलेले पदार्थ रोज भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातली जीवाणूंची विविधता दहा आठवड्यांत वाढली आणि दाहाची काही प्रथिनं उतरली. इडली, ढोकळा चविष्ट आहेत, पण वाफेवर त्यातले जीवाणू मेलेले असतात. जिवंत हवे असतील तर ताक किंवा न उकळलेलं लोणचं घ्या, मिठाकडे लक्ष ठेवून.

एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिरा, सालीसकट उकडलेलं रताळं, शेंगदाणे, कच्च्या केळ्याची भाजी घेतली तर चोथ्यात खंड पडत नाही. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे ७ ग्रॅम आहे.

बिघडतं कुठे

पोट फार फुगलं, गुबारा धरला, तर आधीच्या आठवड्याच्या प्रमाणावर या. पूर्ण बंद करू नका. दहा दिवस तिथेच थांबा आणि मग अडीच-अडीच ग्रॅमने चढा. तरीही दुखत राहिलं आणि आलटून-पालटून जुलाब-बद्धकोष्ठता असेल तर इरिटेबल बॉवेलची शक्यता आहे. अशांनी कांदा, लसूण, राजमा, गहू आहारतज्ज्ञाच्या मदतीने काही आठवडे कमी करून एकेक परत आणावा. कायमचं वगळलं तर ब्युटिरेट बनवणारे उपाशी राहतात.

चोथा नीट असूनही भिंतीला त्रास देणाऱ्या गोष्टी चालू असतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी लहान आतड्याच्या अस्तराला जखमा होतात. गुडघेदुखीसाठी महिनोनमहिने मनाने घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. दारू पेशींची शिवण सैल करते.

‘जास्त म्हणजे चांगलं’ इथे लागू नाही. प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींना २ मिलिमोलर (द्रावण किती तीव्र आहे हे मोजण्याचं एकक) ब्युटिरेट दिल्यावर शिवण घट्ट झाली, ८ मिलिमोलरला पेशी मरू लागल्या. निरोगी आतड्यात श्लेष्मा आणि भिंतीचा खप ही मात्रा सांभाळतात, पण साध्या जेवणातून चालत असताना मूठभर कॅप्सूल गिळण्याचं कारण नाही. आवरण नसलेली ब्युटिरेटची कॅप्सूल वरच विरघळते आणि मोठ्या आतड्यापर्यंत फारसं काही पोचत नाही.

चाचण्यांवर पैसे घालण्याआधी हे पाहा. ही मेदाम्लं ९० टक्क्यांहून जास्त शोषली जातात. विष्ठेत सापडतं ते उरलेलं, म्हणून तिथला आकडा ‘किती तयार झालं’ हे सांगत नाही. ‘लीकी गट’ म्हणजे गळक्या आतड्याच्या तपासणीसाठी, शिवण सैल करणारं झोन्युलिन हे प्रथिन मोजायला विकल्या जाणाऱ्या किटपैकी काही झोन्युलिन मोजतच नाहीत, हे २०१८ पासून दाखवलं गेलं आहे. घरचं मोजमाप जास्त उपयोगी: विष्ठा मऊ, लांबट, सहज होणारी, आणि आठवड्याला वीसेक वेगवेगळ्या वनस्पती पोटात.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावं

क्रोन्स आजारात आतडं अरुंद झालेलं असेल, आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर चोथा वाढवल्याने अडथळा होऊ शकतो. मूत्रपिंडाच्या आजारात कडधान्यं आणि फळांतलं पोटॅशियम मोजावं लागतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर भाकरी-उसळीवर आल्यावर साखर खाली येऊ शकते. पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटरने जास्त वेळा तपासा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

विष्ठेत रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय दिसली तर चोथ्याचा प्रयोग थांबवून आधी तपासणी करून घ्या.